चांदीची नाणी, भावाचा देकार आणि हक्कसोडीचा कागद

प्रश्न : जहाजावर नोकरीला असलेल्या माझ्या वडिलांनी 'व्हिएन्ना फिलहार्मोनिक' ही ऑस्ट्रियाची 80 चांदीची नाणी जमवली होती. शेवटच्या आजारपणात 'ही तुझी' असे ते मला म्हणाले. पण नाणी भावाच्याच कपाटात राहिली. मृत्युपत्र नाही, आई हयात आहे. नाण्यांवर छापलेल्या किमतीने पैसे घेऊन मी हक्कसोड द्यावी, असे भाऊ म्हणतो. काय करावे? (एक विवाहित वाचक भगिनी, फोंडा)

उत्तर : आपण कोणत्याही कागदावर सही करू नये. आपल्याकडे, गोव्याच्या कायद्यात, वारसा अंशतः सोडता येत नाही. त्यामुळे नाण्यांपुरती म्हणून दिलेली हक्कसोड घराच्या आणि जमिनीच्या हिश्श्यावरही पाणी सोडणारी ठरू शकते. यजमानांचीही सही मागितली असेल, तर ती त्यांनीही देऊ नये.

वडिलांचे शब्द मनाला कितीही मोलाचे असले, तरी तोंडी बक्षीस वस्तू ताब्यात दिल्यावरच पूर्ण होते, आणि तोंडी मृत्युपत्र कायदा मानत नाही. म्हणून नाणी वारशातच मोजली जातील. आईवडिलांनी लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर संपत्तीचा अर्धा भाग मुळात आईचाच आहे. उरलेला अर्धा, आपण दोघेच भावंडे असल्यास, समसमान वाटला जातो आणि मुलीचे लग्न झाल्याने त्यात काहीही कमी होत नाही. लग्नात दिलेले दागिने हिशेबात धरावेत, असे भाऊ म्हणू शकेल; तो मुद्दा वाटणीच्या वेळी ऐकला जाईल, पण त्याने आपला हक्क जात नाही.

आता किंमत. नाण्याच्या एका बाजूला व्हिएन्नाच्या सुवर्ण सभागृहातील ऑर्गन, तर दुसऱ्या बाजूला चेलो, व्हायोलिने, हार्प, हॉर्न अशी वाद्ये कोरलेली आहेत. ऑर्गनच्या बाजूला छापलेले 1.50 युरो हे ऑस्ट्रियातील चलनमूल्य आहे, धातूची किंमत नव्हे. प्रत्येक नाण्यात 31.1 ग्रॅम, 999 शुद्धतेची चांदी असते. नाण्यांपुरता हिशेब केला, तर आपल्या वाट्याच्या 20 नाण्यांत सुमारे 622 ग्रॅम चांदी येते आणि त्या चांदीसाठी भाऊ 30 युरो देऊ करीत आहेत. हा देकार अन्यायाचा आहे, हे मी स्पष्टपणे सांगतो.

आईच्या समक्ष नाण्यांची यादी करावी, प्रत्येकाचे वर्ष नोंदवून छायाचित्रे घ्यावीत आणि खरेदीच्या व सीमाशुल्काच्या पावत्या शोधाव्यात. त्यानंतरही भावाने ऐकले नाही, तर 2012 च्या गोवा उत्तराधिकार कायद्याखाली दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारशाची यादी करून वाटणी मागण्याचा, अर्ज करावा. तेथे मालमत्तेचा कारभार बहुधा आईकडेच येईल. त्यामुळे वकिलाकडे जाण्याआधी आईशी मोकळेपणाने बोलून घ्यावे.