नवीन धरण भरल्यावर आसपासचे छोटे भूकंप का आणि किती काळ मोजतात?

पाण्याचं वजन हे अर्धंच कारण. पाणी खडकाच्या भेगांत झिरपतं, आतला दाब वाढतो आणि आधीच ताणात असलेला भ्रंश (जमिनीखालची खडकातली मोठी फट) सरकतो. मोजणी पाणी अडवण्याआधीच सुरू हवी, नाहीतर नवे धक्के कुठले नि जुने कुठले, कळणार कसं? एका भूकंपमापकावरून जागा-खोली नीट ठरत नाही. जलाशयाभोवती चार-पाच तरी लागतात. पहिलं वर्ष शांत गेलं म्हणून यंत्रं काढणं शुद्ध वेडेपणा. कोयनेत १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं, मोठा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. वारणेचा जलाशय १९८५ पासून भरत गेला, धक्के वाढले १९९३ मध्ये. (कोल्हापुरात भांडी वाजली की आपण सरळ कोयनेचं नाव घेतो, केंद्र वारणेकडेही असू शकतं.)