हसून झालं की ड्रम्स ऐक

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. शेवटी तिकीट मिळालं म्हणायचं! गाजलेल्या गाण्यांची विडंबनं करणारा अमेरिकी गायक 'विअर्ड अल' यँकोविक याच्या गाण्यांचं वेड तुला शाळेपासून आहे, त्यामुळे तुझा मेसेज वाचून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. फक्त त्यातली एक ओळ खटकली. वर्गातलं कुणीतरी म्हणालं, "विनोदी गाण्यांसाठी एवढे पैसे?" आणि तू गप्प बसलीस. ड्रम्स शिकायला गेलेल्या मुलीनं तरी यावर गप्प बसू नये. हा कार्यक्रम तुझ्या अभ्यासाचाच भाग आहे.

मी आयुष्यभर ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवलं. त्यामुळे या माणसावर माझा जीव पहिल्यापासून जडला. लहानपणी दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्याने गिटार की अ‍ॅकॉर्डियन असं विचारलं, तेव्हा त्याच्या आईवडिलांनी अ‍ॅकॉर्डियन निवडलं. कारण काय, तर पोल्का या जलद नाचाच्या संगीताचा बादशहा फ्रँकी यँकोविक याचं आडनाव तेच होतं, नातं मात्र काहीच नव्हतं. रॉकच्या दुनियेत ज्या वाद्याला कुणी विचारत नव्हतं, तेच गळ्यात अडकवून हा मुलगा उभा राहिला. २०२५ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने भाता उघडला आणि ते अख्खं सभागृह ओरडलं, तेव्हा माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं कॅसेटवर आणि मग यूट्यूबवर ऐकलेला तो सूर समोरून येत होता.

आता तुझ्या कामाचं सांगतो. अलच्या ड्रमरवर, जॉन श्वार्ट्झवर, नजर ठेव. १४ सप्टेंबर १९८० रोजी डॉक्टर डिमेंटोच्या रेडिओ कार्यक्रमात अलने 'अनदर वन राइड्स द बस' थेट म्हटलं, तेव्हा हा ड्रमर अ‍ॅकॉर्डियन ठेवायच्या पेटीवर थापा मारत साथ करत होता. तिथून जमलेली जोडी टिकली. बास वाजवणारा स्टीव्ह जे आणि गिटारवाला जिम वेस्ट हेही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनचे. नट्यांच्या तारखांसारखे वादक बदलणारे बँड तू पुष्कळ पाहशील, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आणि काम काय असतं त्यांचं? एका गाण्यात निर्वाणा हा रॉक बँड, पुढच्यात रॅपर कूलिओ, लगेच पोल्का. मूळ ड्रमरचा हात जसा पडतो तसाच हात पडला पाहिजे. 'स्मेल्स लाइक निर्वाणा' सुरू होतं तेव्हा निर्वाणाच्या ड्रमरचा, डेव्ह ग्रोलचा, तो फिल, म्हणजे ड्रम्सचा छोटा तुकडा, जसाच्या तसा यावा लागतो. तो आला की लोकांना वाटतं मूळ गाणंच सुरू झालं, आणि मग शब्द कानावर पडतात. पुढे अल तोंडात पाणी घेऊन गुळण्या करत चाल म्हणतो, पण खालचा ताल तसाच घट्ट चालू राहतो. साथ जरा जरी 'गमतीची' झाली, वादक स्वतःच खिदळू लागले, की सगळ्याचा पोपट होतो. हसू शब्दांतून येतं, पण ते पेलतं ड्रम्स आणि बास. हे तुला वर्गात कुणी शिकवणार नाही.

जाण्याआधी मूळ गाणी ऐकून जा. फक्त ऐकू नकोस, ड्रम्सवर वाजवून बघ. अत्र्यांचं विडंबन वाचताना मूळ कविता पाठ असली की मजा दुप्पट होते, तसंच इथेही. आणि 'डेअर टू बी स्टुपिड'सारखी गाणी वेगळी काढून ठेव. तिथे एखाद्या गाण्याची नक्कल नसते. डिवो या बँडची अख्खी वाजवण्याची पद्धत उचलून नवी चाल बांधलेली असते. माझ्या मते त्याचं खरं कर्तृत्व तिथे आहे. २०१८ च्या दौऱ्यात त्याने पोशाख, पडदा सगळं बाजूला ठेवलं, लहान नाट्यगृहं घेतली आणि मुख्यतः अशी स्वतःचीच गाणी केली. रोज यादी बदलायची. ज्या बँडला एवढी गाणी हातात बसलेली आहेत, त्याला 'टाइमपास' म्हणणाऱ्यांनी एकदा तशी तालीम करून दाखवावी!

पोल्का मेडली, म्हणजे गाजलेल्या गाण्यांची पोल्काच्या लयीतली माळ, आली की एक गोष्ट बघ. पडद्यावर मूळ गायकांचे व्हिडिओ चालू असतात आणि त्यांचे ओठ बँडच्या धावत्या लयीशी जुळतात. म्हणजे लय तसूभरही इकडेतिकडे करायची सोय नाही. ड्रमरच्या मानेकडे बघितलंस तरी कळेल. पोशाख बदलताना मध्ये क्लिप दाखवतात, तेव्हा मात्र मोकळेपणाने हस.

जागा निवडता येत असेल तर अगदी पुढची घेऊ नकोस, ड्रम्स स्वच्छ दिसतील अशी बाजूची घे. कानांत इअरप्लग घाल. ड्रमरने कान जपायला आतापासूनच शिकायचं. फोन पर्समध्ये राहू दे. पहिल्या दोन गाण्यांत तुझं सगळं विश्लेषण वाहून जाईल, जाऊ दे. इतकी वर्षं वाट पाहिलीस ती टिपणं काढायला नाही. गळा बसेपर्यंत गा. कान तयार असला की हव्या त्या गोष्टी आपोआप आत जातात.

आणि गाडी पकडायची म्हणून शेवटी उठू नकोस. एन्कोरला, म्हणजे शेवटी लोकांच्या आग्रहाखातर, बहुतेक 'योडा' हे गाणं होतं, आणि त्याच्या मधोमध वाद्यं थांबवून सगळे वादक मिळून निरर्थक अक्षरांचा एक लांबलचक जप करतात. नुसत्या तोंडाने, एकमेकांच्या बोलात बोल अडकवत. तू लहानपणी तबल्याचे बोल म्हणायचीस, तुला तो पहिल्याच ऐकण्यात उमजेल. घरी आलीस की तो लिहून काढायचा प्रयत्न कर आणि मला पाठव. माझ्या काही जागा अजून अडल्या आहेत.

तुझा,
काका