धानातला लव्हाळा: औषध बदलण्याआधी काडी ओळखा

शेतकरी बंधू-भगिनींनो, रोवणी आटोपत आली की दोन प्रश्न हमखास येतात. एक, तणनाशक औषध मारूनही बांधीतला (धानाच्या वाफ्यातला) लव्हाळा हे तण पुन्हा का उभं राहतं? दुसरा, मामा तलावाच्या (गावच्या जुन्या माजी मालगुजारी तलावाच्या) पोटात तसलीच काडी माजली आहे, बी तिथूनच येत असेल, तर तीही फवारून टाकू का?

आधी काडी उपटून बोटांत फिरवा. लव्हाळ्याची काडी बहुधा तिधारी लागते, तिला गवतासारखे पेर नसतात आणि पानं तीन बाजूंनी निघतात. मग मूळ बघा. तळाशी काळपट गाठ असेल तर तो नागरमोथा. नुसत्या तंतुमुळ्या असतील तर तो बियांवर वाढणारा वर्षायू (एका हंगामात जीवन संपवणारा) लव्हाळा. दोघांचा इलाज वेगळा आहे, आणि बहुतेकांचं औषध इथेच वाया जातं.

नागरमोथ्याच्या गाठी जमिनीत माळेतल्या मण्यांसारख्या एकीला एक जोडलेल्या असतात. वरून काडी उपटली की माळ तुटते आणि खाली राहिलेली प्रत्येक गाठ नवा कोंब काढते. हा मोथा साचलेल्या पाण्यात फारसा टिकत नाही. म्हणून तो धुऱ्यावर (बांधावर) आणि बांधीच्या उंचवट्यावर दिसतो. बांधी सपाट करा, उन्हाळ्यात खोल नांगरून गाठी उन्हात वाळू द्या. याला दुसरा सोपा मार्ग मला माहीत नाही.

बांधीत खरा त्रास देतो तो वर्षायू लव्हाळा, विशेषतः गोल गुच्छाची फुलं येणारा. तो साधारण महिनाभरात बी धरतो आणि एका झाडाला हजारो बारीक बिया येतात. बी इतकं बारीक की मातीच्या अगदी वरच्या थरातूनच ते उगवतं. याचाच फायदा घ्या. पहिल्या चिखलणीनंतर आठ-दहा दिवस थांबा, उगवलेलं सगळं दुसऱ्या चिखलणीत गाडा आणि मगच रोवणी करा. पाणी हाताशी असेल तर हे चुकवू नका. रोवणीनंतर पाच सेंटिमीटर पाणी टिकलं तर उगवण आणखी दबते. पऱ्ह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) जुड्यांमधून लव्हाळ्याची रोपंही बांधीत येतात, म्हणून पऱ्ह्याची निंदणी आधी करा.

आता औषध. रोवणीनंतर तीन दिवसांच्या आत प्रेटिलाक्लोर 50 ईसी एकरी 400 ते 600 मिली, बांधीत थोडं पाणी असताना. ती वेळ गेली तर 10 ते 14 दिवसांनी, लव्हाळा तीन-चार पानांवर असताना, बिस्पायरिबॅक सोडियम 10 एससी एकरी 80 ते 100 मिली, 120 लिटर पाण्यातून, फ्लॅट फॅन नोझलने. फवारणीआधी पाणी काढा म्हणजे काडी उघडी पडेल, दोन-तीन दिवसांनी पुन्हा भरा आणि आठवडाभर सोडू नका. फुलोरा आल्यावर मारलेलं औषध म्हणजे नुसता खर्च. डब्यावरचं लेबल वाचूनच मात्रा धरा.

दरवर्षी बिस्पायरिबॅकच मारणाऱ्यांना मुद्दाम सांगतो. पुढच्या वर्षी इथॉक्सिसल्फ्युरॉन किंवा पायराझोसल्फ्युरॉन आणलं म्हणजे औषध बदललं असं होत नाही. ही तिन्ही औषधं तणातल्या एकाच विकरावर (एन्झाइमवर) काम करतात. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियाच्या भातशेतीत याच गोल गुच्छाच्या लव्हाळ्याने या गटाला 1990च्या दशकातच दाद देणं सोडलं. म्हणून प्रेटिलाक्लोरसारखं वेगळ्या गटाचं औषध आलटून-पालटून वापरा. ओळीत रोवणी केली असेल तर कोनोवीडर (ओळींमधलं तण चिखलात गाडणारं हातयंत्र) फिरवा. त्याची सवय कोणत्याच तणाला होत नाही. 2,4-डी या तणनाशकाने लव्हाळा मरतो खरा, पण आपल्या धुऱ्यावर तूर असते. वाऱ्याने थेंब उडाले तर तूर हातची जाईल, तेव्हा धुऱ्यावर तूर असलेल्या बांधीत ते नकोच.

तलावाबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: तिथे एक थेंबही औषध टाकू नका. त्या पाण्यावर जनावरं, मासे आणि खालचं सगळं धान जगतं. शिवाय उथळ पाण्यात उभी असणारी गोल, पोकळ, बिनपानाची काडी ही लव्हाळ्याच्याच कुळातली असली तरी बांधीतल्या तणापेक्षा वेगळी आहे. तिच्या आडोशाला मासोळीची पिल्लं वाढतात, पाखरं अंडी घालतात. भंडारा-गोंदियातल्या ढिवर (मासेमारी करणाऱ्या) बांधवांनी आणि त्यांच्या घरच्या बायांनी तर तलावांतली बेशरम (तिथे माजणारी परदेशी झुडपी वनस्पती) उपटून अशा देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, मासे परत यावेत म्हणून. काढायचीच असेल तर बेशरम मुळासकट काढा, ती सुकवून तलावापासून दूर टाका.

तुमच्या बांधीत बी पाटाच्या पाण्याबरोबर येत असेल, पण ते पाटाच्या काठावर फुललेल्या लव्हाळ्याचं असण्याची शक्यता जास्त. तो फुलोऱ्याआधी विळ्याने कापून घ्या आणि पाणी बांधीत शिरतं तिथे बारीक जाळी लावा. तुमच्याकडची काडी कोणती हे कळत नसेल तर मुळासकट चार झाडं ओल्या कापडात गुंडाळून कृषी सहायकांना दाखवा, दुकानदाराकडे नंतर जा.