वडील गेल्यावर न रडणाऱ्या मुलाचे दुःख

आपला पंधरा वर्षांचा भाचा वडिलांच्या निधनानंतर चार महिन्यांत एकदाही रडलेला नाही आणि रोज संध्याकाळी क्रिकेट खेळायला जातो, तेव्हा त्याला दुःख झालेच नाही का, असे आपण विचारले आहे. माझे वडील मी दहावीत असताना गेले. त्या अनुभवावरून सांगतो की, त्याला दुःख झालेले आहे.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडले की, शोक करणारा माणूस सतत शोकात राहत नाही. कधी तो गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडतो, तर कधी रोजच्या जगण्याकडे वळतो, आणि हे येणे-जाणेच त्याला सावरते. भाच्याचे क्रिकेट मला त्यातलेच वाटते. ते कृपया बंद करू नका.

मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तेराव्याला जमलेले नातेवाईक एकामागून एक माझ्या पाठीवर हात ठेवून ‘आता तूच घरचा कर्ता, आईला सांभाळ’ असे म्हणत होते. त्यांचा हेतू चांगलाच होता, परंतु त्या दिवसापासून मी आईसमोर रडलो नाही. आईही मला त्रास होऊ नये म्हणून स्वयंपाकघरात जाऊन रडत असे, आणि अशा रीतीने एकाच घरात आम्ही दोघे एकमेकांपासून दुःख लपवत राहिलो. भाच्याला असे कोणी म्हणत असेल, तर आपण मामा किंवा मावशी या नात्याने त्यांना थांबवा. आपल्या बहिणीलाही सांगा की, मुलासमोर डोळ्यांत पाणी आले तर ते लपवण्याची गरज नाही. समोर बसवून प्रश्न विचारण्यापेक्षा त्याच्याबरोबर चालताना किंवा गाडीवरून जाताना आपणच त्याच्या बाबांची एखादी आठवण सांगा आणि त्याने उत्तर दिले नाही तरी चालू द्या. वर्गशिक्षकांच्या कानावरही हे घालून ठेवा.

मात्र तो शाळा टाळू लागला, व्यसनाकडे वळला किंवा ‘मलाही बाबांकडे जायचे आहे’ असे म्हणाला, तर क्षणभरही थांबू नका. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, विनामूल्य समुपदेशन मिळते. एरवीही दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाच्या निदानासाठी अमेरिकी मानसोपचार निकषांत प्रौढांना १२ महिन्यांची, तर मुलांना व किशोरवयीनांना ६ महिन्यांची मर्यादा २०२२ पासून आहे. म्हणून आणखी दोन महिन्यांनीही तीव्रता तशीच दिसली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

वडिलांच्या वस्तूंचे काय करायचे, हे त्याला विचारल्याशिवाय ठरवू नका. मी पहिल्यांदा रडलो तो आठ महिन्यांनी, वडिलांची स्कूटर घ्यायला आलेल्या माणसाने तिचा आरसा स्वतःच्या उंचीप्रमाणे फिरवला तेव्हा. ती विकावी का, असे मला कोणी विचारलेच नव्हते.