बाबांना बुडालेलं जहाज दाखवायचंय

प्रश्न : मी स्कूबाचा पहिला, ओपन वॉटर कोर्स केलाय. बाबा ५८ वर्षांचे, मालवणला एकदा स्कूबा केलं तेव्हापासून बुडालेलं जहाज बघायचंच असं डोक्यात घेऊन बसलेत. पोहतात मस्त, पण बीपीची गोळी चालू आहे. बालीला जातोय, तिथे जमेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बाली निवडलीत ते बरं केलंत. तिथल्या तुलांबेन गावच्या किनाऱ्याजवळचं लिबर्टी हे अमेरिकन लष्कराचं मालवाहू जहाज, ११ जानेवारी १९४२ ला जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो मारला, ओढत ओढत किनाऱ्याला आणून लावलं आणि मग ते वीसेक वर्षं तिथेच पडून होतं, १९६३ ला आगुंग ज्वालामुखी उसळला तेव्हा घसरून पाण्यात गेलं. म्हणून ते किनाऱ्यापासून जेमतेम ३०-४० मीटरवर आहे, वरचा भाग पाच-सहा मीटर खोलीवर तर खालचा तिसाच्या आसपास. बोटीची भानगडच नाही, चालत पाण्यात शिरायचं.

पण तो किनारा वाळूचा नाही हं, काळे गोल धोंडे, लाट आली की पायाखाली गडगडतात. मी भावाबरोबर गेले होते तेव्हा पहिल्याच लाटेत तो आडवा, आणि शेजारून गावातली एक बाई डोक्यावर सिलिंडर घेऊन आरामात चालत गेली!

बाबांचं सांगते. मालवणला इन्स्ट्रक्टरने धरून नेलं ते सर्टिफिकेट नव्हे. तसंच ट्राय डाइव्ह, म्हणजे कोर्स न करता इन्स्ट्रक्टरबरोबर मारायची बुडी, तुलांबेनलाही होतं, १२ मीटरपर्यंत, त्यात जहाजाचा वरचा भाग दिसतो. बीपीचं मात्र डाइव्हआधी भरायच्या तब्येतीच्या फॉर्ममध्ये लपवू नका, निघायच्या आधीच डॉक्टरांकडून लेखी घ्या, तिथे जाऊन फॉर्मवर अडकलात तर पैसे आणि मूड दोन्ही गेलं.

आणि तुम्ही बाबांचे बडी, म्हणजे पाण्याखाली एकमेकांवर लक्ष ठेवणारे जोडीदार, होऊ नका, हे मला अनुभवाने कळलंय. मी सगळा वेळ भावाकडे बघत होते, त्याचा मास्क, त्याचे कान, आणि माझा स्वतःचा गेज बघितला तेव्हा सिलिंडरमधली हवा ठरल्यापेक्षा बरीच खाली. बाबांना त्यांचा इन्स्ट्रक्टर, तुम्हाला तुमचा गाइड. तुमच्या कोर्सची मर्यादा १८ मीटर खोली, आणि जहाजाच्या आत कोणीच शिरायचं नाही, बाहेरूनच इतकी प्रवाळं आणि मासे आहेत की पोट भरतं. कान दुखले की थांबायचं, थोडं वर यायचं, जोर लावायचा नाही, हे बाबांना चारदा सांगा.

सकाळी सहाला उतरा, नऊनंतर दक्षिण बालीहून गाड्या भरून माणसं येतात. तुमच्या दोन-तीन डाइव्ह होणार, तर शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास विमान नको, कारण डाइव्हनंतर लगेच उंचीवर जाणं धोक्याचं, आणि परतताना किंतामणीच्या डोंगरातल्या घाटानेही जाऊ नका, तोही १,५०० मीटरपर्यंत चढतो.

बाबांचे जाड तळव्याचे बूट मात्र इथूनच मापाचे घेऊन जा, तिकडे भाड्याने मोठे माप मिळेलच असं नाही.