माळ्यावरच्या सामानातून हातातला व्हिडिओ गेम

पाऊस लागला की कोल्हापुरात पोरं घरात अडकतात आणि माळ्यावरचे खोके खाली येतात. यंदा आलेल्या प्रश्नांत बरेचसे एकाच गोष्टीचे आहेत: जुना फोन, लॅपटॉपची बॅटरी, बंद पडलेला टीव्ही गेम यातून हातात धरून खेळायचा कन्सोल घरी करता येईल का? येतो, आणि चांगला येतो. मी हे काम करताना एकच नियम पाळतो. जो भाग मीटर लावून तपासला नाही, तो जोडायचा नाही. शंभर-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर आधी घ्या, बाकीची खरेदी नंतर.

माझा मुलगा आठवीत आहे. घरात कोपरा फुटलेला जुना अँड्रॉइड फोन पडून आहे, त्याचा त्याला कन्सोल करायचाय. मला यातलं काही कळत नाही. सुरुवात कुठून करू?
– एक आई, राजारामपुरी

ताई, तुमच्याकडे पाऊण कन्सोल तयारच आहे. स्क्रीन, बॅटरी, चार्जिंग, स्पीकर, प्रोसेसर सगळं त्या फोनमध्ये आहे. नाहीत ती फक्त बटणं. १९८३ साली जपानात निन्टेन्डोचा फॅमिकॉम आला, त्याचा प्रोसेसर सेकंदाला जेमतेम १८ लाख ठोके द्यायचा. आपल्याकडे नव्वदीत कॅसेट घालून खेळायचे जे टीव्ही गेम घरोघरी आले, ते बहुतेक याच यंत्राच्या नकला. तुमचा फोन दहा वर्षांचा असला तरी त्याचे ठोके शंभर कोटींच्या घरात असतात. तेव्हा ताकदीची काळजी सोडा.

आधी बॅटरी बघा. फोन सपाट टेबलावर ठेवून बोटानं फिरवा. भोवऱ्यासारखा गरगर फिरला, किंवा मागचं झाकण मधून उचललेलं दिसलं, तर बॅटरी फुगली आहे. तो फोन चार्ज करू नका आणि मुलाला उघडूही देऊ नका.

बॅटरी ठीक असेल तर फोनला ओटीजी वायर (फोनच्या चार्जिंगच्या खाचेत यूएसबीची वस्तू जोडू देणारी) लावून तिला कॉम्प्युटरचा माउस जोडा. स्क्रीनवर बाण आला की बटणांचं कामही होणार. मग एक साधा यूएसबी गेमपॅड आणा आणि रेट्रोआर्क हे जुने गेम चालवणारं फुकटचं ॲप टाका. खरी मजा पुढे आहे: मुलाला त्या गेमपॅडचे स्क्रू काढू द्या. आत प्रत्येक बटणाखाली रबराची टोपी आणि तिच्या पोटात कार्बनची काळी टिकली दिसेल. खाली बोर्डावर दोन कंगवे एकमेकांत अडकवल्यासारख्या तांब्याच्या रेघा असतात. टिकली दोन्ही रेघांना एकदम टेकली की बटण दाबलं गेलं. एवढं त्यानं स्वतःच्या बोटानं दाबून मीटरवर बघितलं की पुढचं तो तुम्हाला समजावून सांगेल. बोर्ड बाहेर काढून फोनच्या दोन बाजूंना बटणं बसवणं हा नंतरचा, सुट्टीतला उद्योग.

भंगारातून लॅपटॉपची बॅटरी मिळाली. आत सहा सेल आहेत. कन्सोलला वापरले तर चालतील का? किती वेळ चालेल?
– डिप्लोमाचा विद्यार्थी, कसबा बावडा

चालतील, पण सगळे सहा चालतीलच असं नाही. हे उत्तर सावकाश वाच.

हे सेल बहुतेक १८६५० जातीचे, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. हातात आल्या आल्या प्रत्येकाला मीटर लाव. २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल बाजूला काढ, त्याला जिवंत करायच्या नादाला लागू नकोस. उरलेले एकेक करून ४.२ पर्यंत भर, वर तारीख लिही आणि आठवडाभर तसेच ठेव. आठ दिवसांनी ज्याचा आकडा ४.१ च्या खाली उतरला, तो आतून गळतोय. तोही बाद. चार्ज होताना कोमट लागला तर ठीक, गरम लागला तर लगेच काढ.

आता आवरण. या सेलचं सगळं अंग ऋण असतं. धन टोक म्हणजे फक्त वरची टिकली, आणि दोघांमध्ये पातळ प्लास्टिकची किनार. माझ्याकडच्या एका सेलचं आवरण त्या टोकाला नखाएवढं फाटलं होतं. दिसलं होतं, तरी मी तो होल्डरमध्ये घातला. होल्डरची पत्री एकाच वेळी टिकलीला आणि अंगाला टेकली. सेल ओढून काढेपर्यंत वायरीचं प्लास्टिक वितळून टेबलाला चिकटलं होतं. तेव्हापासून फाटक्या आवरणाचा सेल मी घरात ठेवत नाही. सेलला थेट सोल्डरही करू नकोस, आयर्नची उष्णता आत जाते. होल्डर वापर.

चार्जिंगला टीपी४०५६ मॉड्यूल घे, पण संरक्षण असलेलं. त्यावर बॅटरीच्या दोन जागा आणि आउटपुटच्या दोन जागा वेगळ्या असतात. ते येतं १ अँपिअरला लावलेलं, १.२ किलोओहमचा रोधक असतो म्हणून. जुन्या सेलला एवढा जोर नको. तिथे २ किलोओहम लावलास की करंट ५८० मिलिअँपिअरवर येतो. आणि चार्जिंग चालू असताना खेळायचं नाही. हे मॉड्यूल करंट कमी झाला की सेल भरला असं समजतं; कन्सोल तोच करंट ओढत राहिला तर त्याला शेवट कळतच नाही. म्हणून आउटपुटला स्विच हवाच. चार्जिंग फरशीवर, शेजारी कागद-कापड नको, आणि रात्री झोपताना तर मुळीच नको.

वेळेचा हिशोब: २२०० मिलिअँपिअर-अवरचा सेल म्हणजे सुमारे ८ वॅट-अवर. ५ व्होल्ट करणारं बूस्ट मॉड्यूल त्यातले पंधरा टक्के तरी खातं. कन्सोल अडीच वॅट घेत असेल तर नवा सेल पावणेतीन तास देईल. जुन्यात निम्मी ताकद उरलेली असते, म्हणून सव्वा-दीड तास धर.

लहानपणीचा ब्रिक गेम आणि फुटलेल्या स्मार्टफोनची चांगली स्क्रीन, दोन्ही आहेत. कुठली स्क्रीन आर्डुइनोला (प्रोग्राम लिहून चालवायच्या छोट्या बोर्डाला) जोडू?
– एक वाचक, गंगावेस

दोन्ही नाही. ब्रिक गेमच्या काचेवर चौकोन आधीच छापलेले असतात, ते फक्त उठतात आणि मिटतात. तिथे दुसरं चित्र येणारच नाही. त्याचं खोकं आणि बटणं मात्र सोन्यासारखी, ती ठेवा. स्मार्टफोनच्या स्क्रीनला इतक्या वेगानं डेटा लागतो की आर्डुइनोच्या आवाक्याबाहेरचं काम, आणि तिच्या वायरिंगचे कागद सहसा मिळत नाहीत.

आर्डुइनो उनो आर३ ची कामाची स्मृती (रॅम) २ किलोबाइट. १२८ बाय ६४ ठिपक्यांच्या छोट्या ओएलईडी स्क्रीनचं एक चित्र १०२४ बाइट, म्हणजे निम्मी स्मृती तिथेच गेली. त्यापेक्षा नोकिया ५११० ची स्क्रीन घ्या, मॉड्यूल म्हणून मिळते. ८४ बाय ४८ ठिपके, ५०४ बाइटमध्ये चित्र. तिला ३.३ व्होल्ट लागतात आणि उनो ५ व्होल्ट देतं, तेव्हा मध्ये लेव्हल कन्व्हर्टर टाका. साप, पाँग, विटा फोडणं असले स्वतः लिहिलेले गेम झकास चालतात. जुन्या कॅसेटचे गेम यावर चालणार नाहीत.

लहान स्क्रीन म्हणजे तडजोड, असं मनात आणू नका. १९८९ चा गेम बॉय १६० बाय १४४ ठिपक्यांचा, रंग नाही, फक्त चार छटा. तो करणारे गुनपेई योकोई मुद्दाम जुनं, स्वस्त झालेलं, खोड्या माहीत असलेलं तंत्रज्ञान निवडायचे. त्याच वर्षी आलेल्या अटारी लिंक्सला रंगीत स्क्रीन होती, पण सहा सेल काही तासांत संपायचे. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर त्याच्या कितीतरी पट चालला आणि तोच टिकला.

रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (छोटा कॉम्प्युटर बोर्ड) आणि २.८ इंची स्क्रीन लावलीय. चित्र अडखळतं, आणि आवाज वाढवला की मशीन रीस्टार्ट होतं. लेथ माझाच आहे, ॲल्युमिनियमची बॉडी करावी म्हणतो.
– वर्कशॉपवाले, उद्यमनगर

दादा, तुमचे दोन आजार वेगवेगळे आहेत.

अडखळणं हे वायरीचं गणित आहे. ३२० बाय २४० म्हणजे ७६,८०० ठिपके, प्रत्येकाला १६ बिट. एका चित्राचे १२ लाख २८ हजार बिट झाले. सेकंदाला ६० चित्रं पाहिजेत तर सव्वासात कोटींच्या वर बिट त्या एका डेटा वायरीतून गेले पाहिजेत. तुमची एसपीआय, म्हणजे बोर्डाकडून स्क्रीनला डेटा नेणारी जोडणी, ३२ मेगाहर्ट्झला असेल तर सेकंदाला २६ चित्रंच जाणार. जंपर वायरी काढा, बोटभर लांबीच्या वायरी सोल्डर करा, मग वेग वाढवून बघा. लांब वायरींवर वेग वाढवला की चित्रात रंगीत कचरा येतो.

रीस्टार्ट हा व्होल्टेजचा आजार आहे. मीटर बूस्टच्या तोंडाशी लावू नका, तिथे ५ व्होल्ट दिसणारच. पायच्या ५ व्होल्ट पिनवर लावा, गेम चालू ठेवा आणि आवाज वाढवा. मोठे पाय बोर्ड ४.६३ च्या खाली आकडा गेला की विजेची खूण दाखवून तक्रार करतात; झीरोत ती सोय नाही, म्हणून मीटरवरच नजर ठेवा. स्पीकरचा ॲम्प्लिफायर दणक्याला एकदम करंट ओढतो आणि बारीक वायर तेवढा सोसत नाही. बूस्टपासून पायपर्यंत जाड, आखूड वायर, ॲम्प्लिफायरला बूस्टवरून वेगळी जोडी, आणि त्याच्याजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. बहुतेक वेळा एवढ्यात भागतं.

बॉडीचं ऐकून मला मनापासून आनंद झाला. उद्यमनगरात जे हात पंपाचे नि इंजिनाचे भाग घडवतात, त्या हातांनी केलेली बॉडी बाजारात मिळायची नाही. पण चारी बाजूंनी ॲल्युमिनियम घातलंत तर वायफाय आत कोंडेल. मागची प्लेट ॲल्युमिनियमची करा, प्रोसेसरला थर्मल पॅडनं टेकवा, उष्णता छान जाईल. पुढची बाजू सागवानाची किंवा ॲक्रिलिकची. बोर्डाखाली कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज अडवणारी) लावा, प्रत्येक भोकाची बर (कडेची धारदार कुसं) काढा, आणि जिथे तळहात टेकतो तिथे चेंफर (तिरका काप) नको, चांगलं गोल मारा. गेम बॉय सेलशिवाय सुमारे २२० ग्रॅमचा होता, तेवढं वजन डोळ्यासमोर ठेवा.

२०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं, त्यात आमचा कॅसेटवाला टीव्ही गेम भिजला. वडिलांची आठवण म्हणून ठेवलाय. चालू होईल का?
– शाहूपुरी, कुंभार गल्ली

चालू होतो का ते बघायला म्हणून प्लगमध्ये घालू नका. पुरात भिजलेला ॲडॉप्टर तर टाकूनच द्या. खोकं उघडून वाळलेला गाळ कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड घासा. हिरवी पूड चढलेली जागा दिसेल तिथली तांब्याची रेघ मीटरनं तपासा, तुटली असेल तर वरून बारीक वायर जोडा. कॅसेटच्या खाचेतल्या पिना गंजल्या असतील, त्याही पुसा. यानंतर नव्या ॲडॉप्टरवर एकदा लावून बघायला हरकत नाही. या नकली यंत्रांत मुख्य चिप बोर्डावरच काळ्या राळेच्या थेंबाखाली असते. तीच गेली असेल तर दुरुस्ती नाही.

तसं झालं तरी वडिलांच्या हातातलं पॅड जाऊ देऊ नका. त्या जातीच्या पॅडमध्ये बटणं आठ, पण वायरी पाच: ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा. लॅचला इशारा दिला की आठही बटणांची स्थिती टिपली जाते, आणि क्लॉकच्या ठोक्यागणिक एकेक बाहेर येते. आर्डुइनो हे सहज वाचतं. नव्या कन्सोलला तेच पॅड लावा.

शाळेत मुलांकडून असा कन्सोल करून घेतोय. गेम इंटरनेटवरून घेतले तर चालतील का? मुलांना मराठीतला कुस्तीचा गेम करायचाय.
– एक शिक्षक, करवीर तालुका

सर, विकले जाणारे गेम असे उतरवून घेणं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात बसत नाही, आणि शाळेत तर ते नकोच. हौशी लोकांनी स्वतः लिहून मोफत दिलेले गेम पुष्कळ आहेत, ते घ्या.

पण मुलांची कल्पना जास्त मोलाची आहे. जीबी स्टुडिओ हे मोफत साधन आहे, कोड न लिहिता गेम बॉयवर चालणारा गेम त्यात करता येतो. अडचण मराठी अक्षरांची येईल. तिथे सगळं ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनांत बसतं, आडवे २० आणि उभे १८. इंग्रजी अक्षर एका चौकोनात मावतं, आपलं मावत नाही. म्हणून मराठी शब्द चित्र म्हणून काढा, १६ ठिपके उंचीचे. मुलांना चौकटीची वही द्या: वरच्या चार ओळी वेलांटी, मात्रा आणि अनुस्वाराला, पाचवी शिरोरेषेला, मधल्या सात अक्षराच्या अंगाला, खालच्या चार उकाराला. पहिला शब्द ‘कुस्ती’च घ्या. उकार, जोडाक्षर, दीर्घ वेलांटी, तिन्ही त्यात आहेत. तो स्क्रीनवर नीट वाचता आला की बाकीचा गेम लिहायला घ्या.