खमीर, खुमारी आणि ओलं फडकं

ठाण्याच्या नौपाड्यातून प्रश्न आला आहे: लादीपावाच्या कृतीत ‘पीठ आंबवा’ असं आहे, घरात यीस्ट नाही, तर बेकिंग पावडर घालून आंबवलं तर चालेल का? आणि खमीर म्हणजे यीस्टच ना?

बेकिंग पावडरने पीठ आंबत नाही हो, नुसतं फुगतं! या दोन क्रियापदांची सरमिसळ रोज कानावर येते आणि त्यापायी चांगला मैदा वाया जातो. पावडर ओली आणि गरम झाली की वायू सोडून मोकळी होते. तासभर ठेवलेल्या पिठाचा पाव दगड होणारच.

खमीर म्हणजे आंबवणासाठी राखलेला जुना गोळा. यीस्ट हा त्यातला जीव. आता गंमत बघा. ‘ख-म-र’ हा अरबी धातू. त्याचाच ‘खम्र’, म्हणजे मद्य. त्याचाच ‘खुमार’, म्हणजे मद्याचा उतरता अंमल, आणि तीच आपली मैफलीतली खुमारी! धातूचा एक अर्थ झाकणे. डोक्यावरून घ्यायचा ‘खिमार’ त्यातलाच. मद्य बुद्धी झाकतं म्हणून खम्र, असं जुने अरबी कोशकार सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. बुद्धीपर्यंत जायचंच कशाला? रस असो की कणीक, आंबवायचं तर आधी झाकावं लागतं. झाकणं आधी, नशा मागाहून. झाकण्याचा आणि आंबवण्याचा हे दोन धातू मुळात वेगळेच, असं म्हणणाऱ्या विद्वानांनी मळलेलं पीठ एकदा उघडं ठेवून पाहावं. वर कोरडी साल धरते आणि पाव फुगताना तिथेच फाटतो. वसई-ठाण्याकडच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मराठी ख्रिस्ती, घरांत फुगियांचं (तळलेल्या गोल पावांचं) पीठ ताडीने आंबवायची रीत आहे. खम्र आणि खमीर एकाच परातीत!

तर, यीस्टच आणा. अर्धा किलो मैद्याला इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम, मीठ 9 ग्रॅम, कोमट पाणी 300 मिली. पाणी कढत नको, 60 अंशांच्या आसपास यीस्ट मरतं. ओलं फडकं घट्ट पिळून झाका. ठाण्याच्या मे महिन्यात पाऊण तासात पीठ दुप्पट होतं, जानेवारीत जास्त वेळ लागतो. कोरड्या मैद्यात बुडवलेलं बोट खुपसा: खळगा लगेच भरून आला तर थांबा, तसाच राहिला तर पाव वळायला घ्या. दारूसारखा उग्र वास सुटून पीठ खाली बसलं असेल, तर पावाचा नाद सोडा आणि पातळ लाटून तव्यावर भाजा.